ब्लँकताई आणि आईची बरणी

प्रयोगशाळेत तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. एरवी साहेबांपासून लादी पुसणाऱ्या बाईंपर्यंत सगळे तिला ब्लँकताई म्हणत आणि ती बिनदिक्कत ओ देई. नाव चिडवण्यातून पडलं होतं, पण चिडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्या स्वभावात शंका होती, आणि तीही अशी की नाकासमोर ठेवलेली वस्तू आहे हे पटायला तिला ती दोनदा बघावी लागे.

या शंकेला कारण होतं ते तिचं यंत्र. मास स्पेक्ट्रोमीटर. आडव्या कपाटाएवढं, सतत घरघरणारं, स्वतःसाठी थंडगार खोली राखून बसलेलं. घरी कुणी विचारलं की ती सांगे, तो एक तराजू आहे. साधा तराजू पिशवीचं वजन सांगतो, हा पिशवीत काय काय आहे त्या प्रत्येकाचं वेगळं सांगतो, आणि ते इतकं बारीक की डोळ्याला दिसणं सोडाच, सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. नमुना विरघळवून, गाळून आत सोडायचा. तिथे त्याचे बारीक तुषार उडतात, त्यांना विजेचा भार चढतो आणि हवा काढून घेतलेल्या पोकळीतून ते ओढले जातात. जड कोण, हलका कोण, याची तिथे निवड होते आणि पडद्यावर एकेका वजनाचं टोक उभं राहतं. तरी संशय राहिलाच तर त्या एका वजनाचे रेणू वेगळे काढायचे, वायूवर आपटून फोडायचे आणि तुकड्यांची वजनं घ्यायची. कारण वजन सारखं असलं म्हणजे वस्तू तीच असं होत नाही. फोडल्यावर मात्र बहुतेकांचं पितळ उघडं पडतं.

यंत्राला खोड एकच. त्याला मागचं आठवतं. आधीच्या नमुन्यातलं काहीतरी नळीत चिकटून राहतं आणि पुढच्या नमुन्यात डोकं वर काढतं. त्या बिचाऱ्याचा दोष नसताना त्याच्यावर आळ येतो. म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये ब्लँक लावायचा. ब्लँक म्हणजे नुसता द्रव, ज्यात काहीच नाही. त्याहून चांगला ब्लँक म्हणजे तोच माल, पण ज्याचा शोध घ्यायचा ते वगळून. तोच रंग, तेच तेल, तोच वास, फक्त चोर नाही. असा ब्लँक बनवण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्याकडे चेहऱ्याला लावायची क्रीम आणि दुखण्यावरची चूर्णं तपासायला येत. त्यात लपवून घातलेली औषधं पकडणं हे तिचं काम. ब्लँकची रेघ सपाट आली तरच ती नमुन्यातल्या टोकावर विश्वास ठेवी, आणि तरीही शेजारी बसलेल्या नवीन मुलींना म्हणे, "परत लाव."

"ताई, लग्नाला हो म्हणण्याआधी यजमानांना पण परत विचारायला लावलं होतं का?" असं एकीने एकदा विचारलं होतं. यजमान त्या दिवशी डबा द्यायला आले होते. ते दारातून म्हणाले, "तीनदा." खोलीत खसखस पिकली. ताईही हसली.

यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. वडील गेल्यापासून ताईची आई त्यांच्याकडेच राहत होती. आईचे गुडघे गेले होते. एक काळ असा आला की सकाळी पलंगावरून उठताना तिला दोघांचे हात लागत. एकदा दुपारी घरात कुणी नसताना ती बसत बसत, हातांवर सरकत न्हाणीघरापर्यंत गेली होती. ताई परत आली तेव्हा ती तिथेच भिंतीला टेकून बसलेली होती आणि तिने लाजेने पदर तोंडावर ओढून घेतला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पण सांगताना त्यांनी कागदावरून मान वर केली नाही, म्हणून आई पुन्हा त्यांची पायरी चढली नाही. ज्याला माझं तोंड बघायचं नाही त्याला मी गुडघे का दाखवू, असं तिचं म्हणणं.

मग मावशीने पूड आणली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली पण बहिणीवर जीव टाकणारी. तिच्या गल्लीत एक माणूस मुळ्यांची पूड विकायचा. सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातून. आठवडा झाला नसेल, आई कठड्याला धरून स्वतः जिना उतरली आणि दुकानात खुर्ची टाकून बसली. पुढे तिने तिथे मुक्कामच ठोकला. गिऱ्हाइकाने चष्मा चढवला की आई सांगे, "हा नको, यात तू रडून आल्यासारखा दिसतोस." जावयाचा धंदा बसायचा तो उलट वाढला. ताईला तेव्हा मनापासून आनंद झाला होता. पुडीत काय आहे हे विचारायचं तिला सुचलंही नाही. जगाच्या मालावर शंका घेणारी बाई आईच्या बरणीपाशी गप्प बसली, कारण आई चालत होती.

आई चालली आणि गोलही झाली. गाल वर आले. तब्येत सुधारली, असं सगळे म्हणत. मनगटाला नुसता दाराचा कोपरा लागला तरी जांभळा डाग पडे आणि तो जाता जात नसे. पण म्हातारपणी कातडी पातळ होतेच की. मग एका रविवारी ताई आईच्या केसांना तेल लावत होती. तिची बोटं मानेच्या मागे गेली आणि तिथेच थबकली. मानेखाली मऊ गादीसारखा उंचवटा आला होता. असा उंचवटा आणि असा गोल चेहरा तिने फोटोंमध्ये पाहिला होता. वर्षानुवर्षं भेसळीची क्रीम लावलेल्या बायकांचे ते फोटो साहेब पाहुण्यांना दाखवत.

"काय झालं गं? थांबलीस का?" आईने विचारलं.

"काही नाही. गाठ बसलीय केसांत," ताई म्हणाली.

बाहेरचा नमुना यंत्राला लावायचा नाही असा प्रयोगशाळेचा नियम होता, आणि तो मोडणाऱ्यांना ओरडणारी ताईच होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन गेल्यावर तिने पर्समधली कागदाची पुडी काढली. चिमूटभर पूड विरघळवली, गाळली आणि आत सोडली. तीनशे त्र्याण्णवच्या वजनावर टोक उभं राहिलं. साधंसुधं नव्हे, पडद्याच्या वर जाईल असं. तिने ब्लँक लावला. सपाट. मग शीतकपाटातून शुद्ध औषधाचा नमुना काढून तो लावला. वेळ तीच, वजन तेच. दोन्ही फोडून पाहिले. तुकडेही तेच, तीनशे त्र्याहत्तर आणि तीनशे पंचावन्न. परत लाव, असं ती स्वतःलाच म्हणाली आणि तिने परत लावला.

डेक्सामेथासोन. दुखणं आणि सूज बघता बघता दाबून टाकणारं स्टेरॉइड. डॉक्टरच्या नजरेखाली मोजून द्यायचं औषध तिची आई दोन वर्षं चमच्याने खात होती. थंड खोलीत ताईला घाम फुटला. आणि खरं सांगायचं तर त्या घामात तिला किंचित समाधानही वाटलं. आपण बरोबर ओळखलं याचं समाधान. पुढे ते आठवलं की तिला स्वतःची किळस येई.

संध्याकाळी मावशी आलीच होती. ताईने दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं. आई ऐकत राहिली. मग मावशीकडे बघून हसली.

"हिच्या मशीनला सगळीकडे विष दिसतं," आई म्हणाली. "माझी पावडर टाकली. प्लॅस्टिकचे डबे टाकले. ते ओठांना लावायचं मलम होतं, ते पण टाकलं. आता ही बरणी राहिलीय."

"आई, हे तसं नाही. मी दोनदा तपासलंय."

"दोनदा तपास नाही तर दहादा. मी रांगत होते तेव्हा तुझं मशीन कुठे होतं?"

मावशी म्हणाली, "अगं, मी पण घेते कधीमधी कंबर धरली की. मला काही झालं का?"

आईने बरणी उचलून स्वतःच्या उशाशी ठेवली. ताईने दोन दिवस समजावलं, रागावली, डॉक्टरकडे चल म्हणून हातापाया पडली. आईने दाद दिली नाही. शेवटी आई म्हणाली, "मला परत त्या न्हाणीघरात बसायचं नाहीये. तू काहीही सांग."

मग ताईने तिला येत होतं ते केलं. तिने ब्लँक बनवला.

पीठ मंद आचेवर भाजलं. रंग जुळेपर्यंत दालचिनीची पूड घातली, कडवटपणासाठी मेथी वाटून घातली. बोटाच्या चिमटीत खरखर तेवढीच लागते का पाहिलं. चाखलं, पुन्हा थोडी मेथी घातली. तोच रंग, तोच वास, तीच चव, फक्त चोर नाही. आई दुकानात बसली असताना तिने बरणी रिकामी करून धुतली आणि आपली पूड भरली. मूळ पूड प्रयोगशाळेतल्या टाकाऊ रसायनांच्या पिंपात गेली. बेत सरळ होता. महिनाभर आईला हे खाऊ द्यायचं. तिचं चालणं थोडं कमी होईल, पण होईल. मग बरणी पुढे ठेवून सांगायचं, बघ, तू पीठ खाऊन चालतेस.

यजमानांना तिने त्याच रात्री सांगितलं. ते चष्म्याची काडी घट्ट करत होते.

"एखाद्या डॉक्टरला विचारलंस का आधी?"

"विष काढून घ्यायला परवानगी कसली मागायची?"

"तसं नाही. आपलं विचारून घ्यायचं. तू तर सगळं दोनदा विचारतेस."

"मला माहीत आहे त्यात काय आहे ते," ताई म्हणाली. आणि ते खरंच होतं. त्यात काय आहे ते तिला दशांशापर्यंत माहीत होतं. ते औषध दोन वर्षं आत राहून आईच्या शरीराचं काय करून बसलंय हे मात्र तिच्या कामात कधी येतच नसे. तिचा अहवाल 'आढळले' किंवा 'आढळले नाही' इथे संपायचा. माल जप्त व्हायचा, दुकानाला टाळं लागायचं. तो माल खाणं एकदम थांबलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे सांगायला कुणी तिच्या थंड खोलीत येत नसे.

आधी गुडघे दुखू लागले. ते ताईने धरलंच होतं. मग आईचं जेवण तुटलं. दुकानात जाणं बंद झालं. उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणे. ताईने मीठ-साखरेचं पाणी दिलं, भात मऊ करून दिला. दुखणं परत आलं म्हणून मन खचलंय, असं तिने स्वतःला सांगितलं. एका सकाळी ती खोलीत गेली तेव्हा आई बरणीत चमचा घालत होती. एक घेतला. मग दुसरा घेतला.

"दोन का?" ताईने विचारलं.

"ही खेप हलकी लागलीय बघ. मावशीला सांग, त्याला म्हणावं, जुन्यासारखी दे." आईने दोन्ही चमचे पीठ कोमट पाण्यात ढवळलं आणि औषधाला करतात तसा डोळे मिटून नमस्कार करून पिऊन टाकलं.

ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने मनात हिशेब केला की अजून थोडे दिवस काढले तर काम फत्ते. ती प्रयोगशाळेत निघून गेली. त्या दिवशी तिने नवीन मुलींवर उगाचच तोंड टाकलं.

दोन दिवसांनी आईला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या उलटीनंतर ती बेसिनपाशीच कोसळली. हात थंड, कपाळ ओलं, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडत आणि पुन्हा मिटत. यजमानांनी तिला पाठुंगळीला घेऊन जिना उतरवला. मावशीला फोन गेला.

रुग्णालयातली डॉक्टर तरुण होती, पण तिने मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं. सलाईन चालू होतं तरी रक्तदाब वर यायला तयार नव्हता. साखर घसरली होती. आईच्या गोल चेहऱ्याकडे आणि मनगटावरच्या डागांकडे बघत डॉक्टरने विचारलं, "या काही औषध घेतात? स्टेरॉइड वगैरे? मध्येच बंद केलंय का काही?"

मावशी धावत आली होती, आणि येताना घरातून बरणी घेऊन आली होती. ती पुढे झाली. "एवढी मुळ्यांची पूड घेते, डॉक्टर. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही. हल्ली तर दोन चमचे घेत होती. बंद कशाला करेल?"

डॉक्टरने झाकण उघडलं, वास घेतला. "घेणं चालू आहे म्हणजे तो प्रश्न नाही," ती अर्धवट स्वतःशीच म्हणाली आणि परिचारिकेला दुसऱ्या तपासण्या सांगू लागली. हृदयाची, पोटाची, रक्तातल्या जंतूंची.

यजमान ताईकडे बघत होते. ताईला कळत होतं की त्या बरणीची खबर खोलीत तिला आणि यजमानांना सोडून कुणालाच नाही. बोललं तर मावशीसमोर, शुद्धीवर आलीच तर आईसमोर, जन्मभराचं तोंड लपवणं आलं. मूग गिळून बसलं तर डॉक्टर दुसऱ्याच वाटेने जाणार.

"बंद केलंय," ताई म्हणाली. "मी केलंय. त्या पुडीत डेक्सामेथासोन होतं. मी तपासलं होतं. या बरणीत नुसतं पीठ आहे."

"किती दिवस?"

"दोन आठवडे होत आले."

डॉक्टरने वळून परिचारिकेला हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन आणायला सांगितलं आणि ते स्वतःच्या हाताने शिरेत दिलं. मग त्यांना पडद्याबाहेर काढलं.

बाहेर बाकावर मावशी शेजारीच बसली. ती आरडाओरडा करेल असं ताईला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मावशी हळू आवाजात म्हणाली, "मी विष आणून दिलं, मला माहीत नव्हतं गं. तुला तर माहीत होतं."

संध्याकाळपर्यंत आईचा रक्तदाब सावरला. ती पाणी मागू लागली. डॉक्टरने ताईला बाजूला घेऊन सांगितलं की हे द्रव्य शरीर स्वतःही बनवत असतं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की ते बनवणं सोडून देतं, आणि बाहेरचं एकदम तोडलं तर आत काहीच उरत नाही. म्हणून ते तोडायचं नसतं, महिनोन्महिने थोडं थोडं उतरवायचं असतं. "आणायला उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं," डॉक्टर म्हणाली. रागावली नाही. ताई मान हलवत राहिली. तिला आठवत होता तो आईचा मिटलेल्या डोळ्यांचा नमस्कार, पिठाच्या पाण्याला केलेला.

आई घरी आली. तेच औषध आता गोळ्यांच्या पट्टीत आलं होतं, दर काही आठवड्यांनी कमी करत नेण्यासाठी. मावशीने आईला सगळं सांगितलं होतं, हे ताईला आईच्या वागण्यावरून कळलं. आई बोलायची. भाजीत मीठ कमी आहे म्हणायची, दाराची कडी नीट लाव म्हणायची. पण ताईने गोळी आणि पाणी आणून ठेवलं की म्हणायची, "ठेव तिथे."

ताई वळली की आई पट्टी मुठीत घेऊन उठायची. तिचा मोतीबिंदू वाढला होता. त्यातही त्या पुडीचा हात असेल असं डॉक्टर म्हणाली होती. जावयाच्या दुकानातल्या एकाही चष्म्याने आता तिला बारीक अक्षर लागत नव्हतं. म्हणून ती कठडा धरून, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून दुकानात जायची. जावई पट्टीवरचं नाव वाचून दाखवायचे. मग ती तिथेच गोळी घ्यायची. ताई वर स्वयंपाकघरात उभी राहून ती पावलं मोजायची. पहिल्या दिवशी ती मदतीला धावली होती. तेव्हा आईने नुसता हात वर केला होता.

यजमानांनी एकदा आईला म्हटलं, "अहो, ती वाचेल की वर. तिच्याइतकं काटेकोर कोण आहे?"

"म्हणूनच," आई म्हणाली.

एका सकाळी यजमान भिंगं आणायला लवकर बाहेर पडले होते. दुकानाचं शटर बंद होतं. आई जिन्याच्या तोंडापर्यंत गेली, खालचा अंधार बघून परत आली आणि पलंगावर बसली. ताईच्या खांद्याला पिशवी होती, ती कामावर निघाली होती. ती दारात थांबली. आईने थोडा वेळ पट्टी बोटांनी चाचपली. मग हात पुढे केला.

ताईने पट्टी घेतली आणि वाचली. नाव, किती मिलिग्रॅम, कुठल्या महिन्यापर्यंत चालेल, सगळं वाचलं.

"परत वाच," आई म्हणाली.

ताईने परत वाचलं.

"हे बाहेर लिहिलंय ते झालं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती विचारणा होती. "आत काय आहे?"

कशाच्या आत काय आहे हे सांगण्यात ताईचा जन्म गेला होता. परक्यांच्या क्रीममधलं, कुणाकुणाच्या चूर्णांमधलं तिने सांगितलं होतं आणि तिचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. "तेच आहे, आई," ती म्हणाली. "जे लिहिलंय तेच."

आईने दुधाळ झालेले डोळे तिच्या दिशेने लावून धरले. मग तिने पट्टी परत घेतली आणि मांडीवर ठेवली.

"जावई येऊ देत," ती म्हणाली. "मग घेते."

ताईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून तीही शटरच्या आवाजाची वाट बघू लागली.